कम्युनिटी फाउंडेशनकडून निधी कसा मागावा: मराठवाड्यातल्या छोट्या संस्थांसाठी

केज, किनवट, परंडा, भोकरदन अशा तालुक्यांत काम करणाऱ्या छोट्या संस्थेला पैशांची गरज पडली की दोनच नावं निघतात. एक सरकारी योजना, दुसरं एखाद्या मोठ्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे तिने समाजकार्यासाठी काढलेला पैसा. पहिल्यात बिलं अडकतात, दुसऱ्यात मुंबई-पुण्यात कुणीतरी ओळखीचं लागतं. तिसरी वाट आपल्याच जिल्ह्यातल्या लोकांनी उभ्या केलेल्या फाउंडेशनची. तिथे रक्कम लहान असते, पण देणारा माणूस तुमच्या गावाला ओळखतो. ही सोय आहे तशीच पंचाईतही, कारण त्याच्यापुढे थापा चालत नाहीत.

अशा अर्जांच्या दोन्ही बाजूंना मी बसलोय, लिहिणाऱ्याच्याही आणि वाचणाऱ्याच्याही. माझं मत सरळ आहे: छोट्या निधीचा निकाल प्रपोजलच्या भाषेवर लागत नाही, तो कागदपत्रांवर आणि बजेटवर लागतो. म्हणून त्या दोन गोष्टींना इथे जास्त जागा दिली आहे.

हा पैसा येतो कुठून

एका भागातल्या अनेकांनी मिळून निधी उभारायचा, तो शक्यतो कायम राखायचा आणि त्याच्या उत्पन्नातून त्याच भागातल्या संस्थांना मदत करायची, हे कम्युनिटी फाउंडेशनचं काम. तो एका घराण्याचा ट्रस्ट नसतो आणि एका कंपनीचाही नसतो. पहिलं असं फाउंडेशन १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने सुरू केलं. जुन्या मृत्युपत्रांच्या अटींत अडकून पडलेला पैसा शहराच्या आजच्या गरजांना वापरता यावा, ही त्याची कल्पना. मुंबईत १९९० च्या दशकापासून बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच पद्धतीने काम करत आला आहे. मराठवाड्यात पाटीवर हे नाव लिहिलेल्या संस्था मोजक्याच सापडतील, पण त्या धर्तीवर काम करणारे बरेच आहेत. वाळूज-शेंद्र्याकडच्या उद्योजकांनी मिळून काढलेला ट्रस्ट, जालन्यातल्या व्यापाऱ्यांचा निधी, डॉक्टर-वकिलांचं प्रतिष्ठान, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा गट, पतसंस्थेचा धर्मादाय निधी, रोटरी क्लबचा ट्रस्ट. पुढे जे लिहिलंय ते या सगळ्यांना थोड्याफार फरकाने लागू पडतं.

आता त्यांचं गणित बघा. समजा एखाद्या फाउंडेशनकडे २ कोटींचा कायम निधी आहे. सार्वजनिक विश्वस्त निधी कुठे गुंतवायचा यावर कायद्याची बंधनं आहेत, त्यामुळे तो बहुधा बँकेच्या ठेवीत असतो. सात टक्के व्याज धरलं तर वर्षाला १४ लाख येतात. कर्मचाऱ्याचा पगार, ऑडिट, प्रवास, कार्यालय हे सगळं जाऊन नऊ-दहा लाख उरले, आणि सात-आठ संस्थांना द्यायचे ठरले, तर एकेकीच्या वाट्याला सव्वा ते दीड लाख येतात. तिथे १२ लाखांचं प्रपोजल नेलं तर ते पहिल्याच बैठकीत बाजूला पडतं. तुमचं काम कितीही चांगलं असो, त्यांच्याकडे तेवढा पैसाच नसतो. म्हणून अर्ज लिहायला घेण्याआधी एक फोन करा आणि गेल्या वर्षी सगळ्यात मोठी आणि सगळ्यात लहान रक्कम किती दिली एवढं विचारा. सांगतात. सांगायला कां-कूं करत असतील तर त्यांच्याकडे अर्ज करावा का, याचाच फेरविचार करावा.

दुसरी बाजू आयकराची. धर्मादाय संस्थेला करसवलत टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नापैकी किमान ८५ टक्के रक्कम आपल्या उद्दिष्टांवर खर्च करावी लागते. २०२३ च्या वित्त कायद्याने त्यात एक पाचर मारली: एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीला देणगी दिली तर त्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरायचे. म्हणजे फाउंडेशनने तुम्हाला १ लाख दिले तर त्यांच्या हिशेबात ८५,००० मोजले जातात. तेच पैसे त्यांनी स्वतः सायकली किंवा शिलाई मशीन विकत घ्यायला घातले तर पूर्ण मोजले जातात. त्यामुळे "चेक देत नाही, सामान आम्ही घेऊन देतो" असं कुणी म्हणालं तर लगेच अविश्वास दाखवला असं समजून रुसू नका. उलट बजेटात वस्तू आणि मानधन वेगळं मांडा आणि वस्तूंचा भाग त्यांनी थेट खरेदी करावा असं आपणच सुचवा. समितीतल्या सीएला हे वाक्य फार आवडतं.

सगळा पैसा मोकळा नसतो, हेही लक्षात ठेवा. कुणी आईच्या नावाने फक्त मुलींच्या शिक्षणासाठी रक्कम ठेवलेली असते, कुणी एकाच तालुक्यापुरती. तुमचं काम पाण्याचं असेल आणि त्या वर्षी पाण्याच्या नावाचा निधीच नसेल, तर विश्वस्तांची कितीही इच्छा असून उपयोग नाही. कुठला निधी कशासाठी आहे ते आधी विचारून घ्या.

परदेशी पैशाबद्दल आपल्याकडे गैरसमज फार. २०२० मधल्या दुरुस्तीनंतर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली आलेली रक्कम एका संस्थेला दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. म्हणून स्थानिक फाउंडेशन तुम्हाला देतं तो देशातलाच पैसा असतो, आणि तो घ्यायला तुम्हाला एफसीआरए नोंदणीची गरज नाही. परदेशात नोकरी करणाऱ्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या उदगीरच्या पोराने आपल्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी परदेशी ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र ठरते, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड खिशात असलं तरी.

फाईल आधी, प्रपोजल नंतर

हे काम कंटाळवाणं आहे आणि अर्जाच्या शेवटच्या तारखेला होत नाही. निदान सहा महिने आधी हाती घ्या.

महाराष्ट्रातल्या बहुतेक संस्था सोसायटी नोंदणी कायदा १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा १९५० या दोन्हींखाली नोंदलेल्या असतात. दोन्ही प्रमाणपत्रं, घटना आणि नियमावली फाईलमध्ये सगळ्यात वर. त्यामागे धर्मादाय कार्यालयाकडचा परिशिष्ट-१ चा, म्हणजे विश्वस्तांची नावं असलेल्या नोंदीचा, ताजा उतारा. गोची इथेच होते. कलम २२ प्रमाणे विश्वस्त मंडळात काहीही बदल झाला की ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, दाखल करायचा असतो. प्रत्यक्षात उताऱ्यावर वारलेले अध्यक्ष अजून अध्यक्ष असतात, आणि बँकेत सही करणाऱ्या सचिवांचं नाव उताऱ्यावर नसतंच. फाउंडेशनचा वकील हा उतारा, बँकेचं सह्यांचं पत्र आणि प्रपोजलवरची सही अशा तीन गोष्टी शेजारी ठेवून बघतो. जुळल्या नाहीत तर पुढचं वाचतच नाही.

चेंज रिपोर्ट दाखल केलाय पण निकाल लागलेला नाही, अशी अवस्था सर्रास असते आणि ती समितीला माहीत असते. अशा वेळी लपवू नका. दाखल केल्याचा शिक्का आणि अर्ज क्रमांक असलेली प्रत, निवडीच्या सभेचा ठराव आणि दोन ओळींचं स्पष्टीकरण जोडा. विश्वस्तांमध्ये वाद कोर्टात असेल तर तेही सांगा. गाव एवढंसं असतं, बाहेरून कळल्याशिवाय राहत नाही.

आयकराचे कागद दोन: १२ए किंवा १२एबी खालची नोंदणी, जिच्यावर संस्थेची करसवलत अवलंबून, आणि ८०जी, जिच्यामुळे देणगीदाराला वजावट मिळते. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती नोंदणी मिळते. काम सुरू झाल्यापासून ६ महिन्यांत किंवा मुदत संपायच्या ६ महिने आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा, कायम नोंदणीसाठी अर्ज करावा लागतो. ही तारीख चुकवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणाऱ्या संस्था दरवर्षी भेटतात. 'कायम' नोंदणीलाही मुदत असते, आणि १२एबी व ८०जी या दोन्हींच्या मुदती एकच असतील असं धरून चालू नका, प्रमाणपत्रावरची तारीख वाचा. आयकर कायदा २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होणारा कायदा असल्यामुळे कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलतात. बोलताना लोक १२ए, ८०जीच म्हणत राहतील, पण अर्जात तुमचा सीए सांगेल तो क्रमांक लिहा.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. पॅन, स्वयंसेवी संस्थांच्या सरकारी दर्पण पोर्टलचा क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आयकर विवरणपत्रांच्या पोचपावत्या, रद्द केलेला चेक, विश्वस्तांची यादी आणि त्यांचं आपसातलं नातं. शेवटचा मुद्दा बऱ्याच जणांना टोचतो. नवरा अध्यक्ष, बायको सचिव, मेव्हणा कोषाध्यक्ष अशी संस्था असेल तर फाउंडेशन बहुधा नाही म्हणतं, आणि माझ्या मते बरोबर करतं. फाउंडेशनच्या पैशात एखाद्या कंपनीचा सीएसआर असेल तर सीएसआर-१ चा, म्हणजे सीएसआरचा पैसा घेण्यासाठीच्या नोंदणीचा, क्रमांकही मागितला जाईल. तो काढायला १२ए आणि ८०जी दोन्ही लागतात, म्हणून क्रम उलटा करू नका.

हिशेबाच्या वह्यांबद्दल एकच. किर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रोज लिहिलेली असावी. ऑगस्टमध्ये बसून एप्रिलपासूनची किर्द एकाच शाईने लिहिली की ते पाहणाऱ्याला लगेच कळतं. एका दिवसात एकाच माणसाला १०,००० च्या वर रोख देऊ नका. आयकरात तो खर्च धरला जात नाही.

कधी मागायचं

फाउंडेशनची समिती वर्षातून दोन-चारदाच बसते. अर्ज, छाननी, भेट, विश्वस्तांची मंजुरी, करारनामा, पहिला हप्ता, यात तीन-चार महिने सहज जातात. आपलं काम मात्र ऋतूवर चालतं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. मागे राहिलेल्या लेकरांसाठी केंद्र चालवायचं तर पैसा ऑक्टोबरमध्ये हातात हवा, म्हणजे अर्ज जूनमध्ये गेलेला हवा. शेततळं, नाला खोलीकरण, बांधबंदिस्ती असली कामं मृगाच्या आत उरकावी लागतात, म्हणजे अर्ज ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. शाळेचं साहित्य जूनला लागतं, तर अर्ज फेब्रुवारीच्या आत. प्रपोजलमध्ये काम नोव्हेंबरला सुरू होणार असं लिहायचं आणि अर्ज सप्टेंबरच्या शेवटी द्यायचा, ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. मग मंजुरी डिसेंबरात येते आणि पहिल्या हप्त्याआधीच वेळापत्रक कोलमडतं.

आपत्तीचं वेगळं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात कितीतरी ठिकाणी जमिनी खरडून गेल्या, विहिरी गाळाने भरल्या. अशा वेळी स्थानिक फाउंडेशनचा खरा उपयोग होतो, कारण समितीतले चारजण फोनवर बोलून रक्कम सोडू शकतात. त्यासाठी त्यांच्याकडे तुमची फाईल आधीपासून हवी. पुराच्या आठवड्यात परिशिष्ट-१ शोधत बसणाऱ्या संस्थेला कुणी थांबत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर बाहेरून आलेली मदत काही वर्षांत ओसरली आणि पुढचं काम इथल्याच लोकांना पाहावं लागलं. तो अनुभव इथल्या जुन्या विश्वस्तांच्या डोक्यात असतो. मदत वाटून झाल्यावर सहा महिन्यांनी तुम्ही काय करणार, हा प्रश्न ते विचारतातच.

प्रपोजल: चार पानं पुरतात

पहिल्या पानावर मराठवाड्याचं मागासलेपण लिहू नका. वाचणारा मराठवाड्यातच राहतो. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे वाक्य पाण्याच्या प्रपोजलमध्ये अजून हमखास असतं, आणि ते प्रपोजल वाचलं जातं लातूरमध्ये. त्याऐवजी समितीला जे माहीत नाही ते सांगा: तुमच्या गावात आत्ता नेमकं काय चाललंय.

फरक दाखवतो. एका अर्जात असं असतं: "ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या सर्वांगीण विकासासाठी प्रयत्नशील राहणे." दुसऱ्यात असं: "गावातून दरवर्षी टोळ्या जातात. आजी-आजोबांजवळ राहणारी पहिली ते पाचवीची ३० लेकरं आहेत, नावांची यादी जोडली आहे. शाळा पाचला सुटते. आजी शेतातून सातला येते. हे दोन तास लेकरं रस्त्यावर असतात." दुसऱ्या अर्जात गरज कळते, वेळ कळते, आकडा कळतो, आणि तो आकडा गावात जाऊन तपासता येतो. पुढे काय करायचं तेही आपोआप ठरतं: पाच ते सात, खाणं आणि अभ्यास.

यानंतर तीनच गोष्टी लागतात. कोण करणार, म्हणजे केंद्र चालवणाऱ्या ताईंची नावं, शिक्षण, त्या त्याच गावात राहतात का. कधी काय करणार, महिन्यावार. आणि शेवटी काय बदललेलं दिसेल. इथे भव्य काही लिहू नका. ३० पैकी किती लेकरं हंगामभर शाळेत टिकली आणि किती जणांना मजकूर सलग वाचता येऊ लागला, एवढं मोजता आलं तरी खूप झालं. मोजणार कसं तेही लिहा: पहिल्या आठवड्यात एक परिच्छेद वाचून घ्यायचा, एप्रिलमध्ये पुन्हा तेवढ्याच अवघडपणाचा एक.

सरकारी हंगामी वसतिगृहाची योजना याच लेकरांसाठी आहे, हे समितीला ठाऊक असतं. तुमच्या गावात ते आहे का, नसेल तर का नाही, असेल तर तुमचं केंद्र कशाला, याचं उत्तर विचारण्याआधीच द्या.

आमदार-खासदारांचं शिफारसपत्र जोडू नका. जिल्हा एवढाच असल्यामुळे एका पत्राने एक विश्वस्त खूश होतो आणि दोन सावध होतात. ग्रामपंचायतीचा खोली वापरू देण्याचा ठराव त्यापेक्षा कितीतरी कामाचा. तुमच्या मंडळातल्या कुणाचं फाउंडेशनच्या विश्वस्तांशी नातं असेल तर अर्जातच लिहून टाका, म्हणजे ते विश्वस्त त्या चर्चेला बसणार नाहीत आणि विषय तिथेच मिटेल.

बजेट

समितीत बसल्यावर मी सगळ्यात आधी शेवटचं पान उघडतो. बहुतेक जण तेच करतात. वर म्हटलेल्या केंद्राचं सहा महिन्यांचं बजेट नमुन्यादाखल मांडतो. दर आपापल्या गावाप्रमाणे बदला, मांडणी मात्र अशीच ठेवा:

दोन ताईंचं मानधन: २ × ६,००० × ६ महिने = ७२,०००
संध्याकाळचं खाणं: ३० मुलं × १५ रुपये × २५ दिवस × ६ महिने = ६७,५००
खोलीचं भाडं: १,५०० × ६ = ९,०००
वीज: ५०० × ६ = ३,०००
वह्या, पाट्या, गोष्टींची पुस्तकं: ३० × ४०० = १२,०००
आरोग्य तपासणी, दोनदा: २ × ३,००० = ६,०००
देखरेखीचा प्रवास: १,५०० × ६ = ९,०००
हिशेब, ऑडिट, स्टेशनरी: १०,०००
एकूण: १,८८,५००

आपला वाटा: ग्रामपंचायतीची खोली (भाडं वाचलं) ९,०००, गावाने दिलेलं धान्य १३,५००, संस्थेची वर्गणी १६,०००, मिळून ३८,५००. फाउंडेशनकडे मागणी: १,५०,०००.

आता यात काय दिसतं ते पाहा. शेवटची हिशेब-ऑडिटची ओळ सोडली तर प्रत्येक ओळीत गुणाकार आहे. "खाऊ व इतर ७०,०००" असं लिहिलं की वाचणारा ते ५०,००० करतो, कारण कुठून आलं ते त्याला कळत नाही. गुणाकार लिहिला की कापायला त्याला मुलं कमी करावी लागतात किंवा दिवस, आणि तसं करायला कुणी धजत नाही. दुसरं, एका लेकरामागचा खर्च लगेच निघतो. १,८८,५०० भागिले ३०, भागिले ६, म्हणजे महिन्याला साधारण १,०५० रुपये. हा आकडा स्वतःच काढून लिहा. समितीतला व्यापारी तो मनातल्या मनात काढतोच.

तिसरं, ताईंचं मानधन. ते लपवण्याची आपल्याकडे वाईट खोड आहे. "आमचे कार्यकर्ते सेवाभावी आहेत" म्हणून मानधन शून्य दाखवायचं आणि मग खाऊच्या बिलांतून ताईंना काहीतरी द्यायचं, हा प्रकार हिशेबात पकडला जातोच, शिवाय ताईंवर अन्याय होतो तो वेगळा. रोज दोन तास शिकवणं, त्याआधी खाण्याची तयारी, महिन्याला घरभेटी, याचे सहा हजार मागायला लाजायचं कारण नाही. ऑडिटचा खर्चही मागा. युसी, म्हणजे पैसा ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, देणारा सीए फुकट सही करत नाही, आणि करत असेल तर दुसरा बघा.

लोकवाटा खरा असावा. गावाने धान्य दिलं असं लिहिलं तर कुणी किती किलो ज्वारी, किती डाळ दिली याची वही हवी आणि बाजारभावाने किंमत काढलेली हवी. ज्या गावात अखंड हरिनाम सप्ताहाला घरटी वर्गणी निघते आणि कुणाची किती ते फळ्यावर लागतं, तिथे लेकरांच्या खाण्यासाठी धान्य गोळा होत नाही असं मला कुणी सांगितलं तर पटत नाही. बहुतेक ठिकाणी कुणी मागायलाच गेलेलं नसतं.

भेटीला लोक येतात तेव्हा

रांगोळी, शाल-श्रीफळ, भाषणं नकोत. पाहुण्यांना चालू केंद्र बघायचं असतं. हजेरीची वही, खर्चाची वही आणि व्हाउचरची फाईल टेबलावर ठेवा आणि ताईंना बोलू द्या. अध्यक्षांनी सगळी उत्तरं दिली की पाहुण्यांच्या मनात शंका येते.

अशा एका भेटीत समितीतले निवृत्त गुरुजी हजेरीपट चाळत होते. सहा महिने, रोज तीसच्या तीस. एका तारखेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "ताई, या दिवशी तर तुमच्या गावची यात्रा. तरी सगळी लेकरं आली?"

ताई घुटमळल्या. मग म्हणाल्या, "नाही सर, पाचच होती. पण कमी दिसली की निधी कापतेत म्हणून भरून टाकलं."

गुरुजींनी निधी कापायला लावला नाही, कारण ताई खरं बोलल्या होत्या. पण त्या दिवसापासून ती वही पुरावा म्हणून निकामी झाली. हजेरी २२ असेल तर २२ लिहा. संक्रांतीला, यात्रेला, बाजाराच्या दिवशी लेकरं कमी येणारच, आणि हंगामाच्या शेवटी आईबाप परतले की आणखी कमी होणार. प्रपोजलमध्येच लिहून ठेवा की नोंदणी ३० आणि रोजची सरासरी २४ धरली आहे. मग वरच्या नमुन्यात ३० चं धरलेलं खाण्याचं बजेटही २४ चं करा.

मंजुरीनंतर

मंजुरीपत्र आलं की पेढे वाटण्याआधी अटी वाचा. हप्ते किती, अहवाल कधी, एका बाबीचा पैसा दुसऱ्या बाबीकडे वळवायचा तर किती टक्क्यांपर्यंत आपल्याला मुभा आणि कुठून पुढे लेखी परवानगी. करारावर सही करण्याचा अधिकार कुणाला, याचा ठराव प्रोसिडिंगमध्ये घ्या. वेगळं बँक खातं मागितलं नसलं तरी खतावणीत या निधीचं वेगळं पान हवं. पैसे मिळाल्याची पावती द्या, आणि तुमच्याकडे ८०जी असेल तर देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र, ज्याला आजवर आपण १०बीडी म्हणत आलो, भरताना ही रक्कम सोडू नका. त्याची मुदत ३१ मे.

प्रत्येक व्हाउचरवर तारीख, कारण, घेणाऱ्याची सही. ५,००० च्या वर रोख दिलं असेल तर रेव्हेन्यू तिकीट. गावातला किराणा दुकानदार छापील बिल देत नसेल तर साध्या कागदावर त्याचं नाव, माल, दर आणि सही घ्या. कोऱ्या बिलबुकाचा गठ्ठा कुठूनही आणू नका. एकाच दुकानाची सलग क्रमांकांची बिलं वेगवेगळ्या महिन्यांची असली की ऑडिटर हसतो आणि मग हसत नाही.

फोटो मोजके पाठवा. लेकरांच्या हातात फाउंडेशनचा फलक देऊन रांगेत उभं करू नका. फोटोआधी घरच्यांना विचारा, आणि बालविवाह, अत्याचार असल्या प्रकरणातल्या मुलांचा चेहरा, नाव, गाव कुठेही जाऊ देऊ नका. बालन्याय कायद्याने अशी ओळख उघड करायला मनाई आहे.

अंतिम अहवालासोबत सीएने प्रमाणित केलेलं उपयोगिता प्रमाणपत्र जातं. पैसे उरले असतील तर उरले असं लिहा. शेवटच्या आठवड्यात ११,००० च्या सतरंज्या घेऊन बजेट संपवण्यापेक्षा "हे पुढच्या हंगामाला वापरू का, की परत करू?" असं पत्र टाका. काम अर्धवट राहिलं असेल तर तेही अहवालात कारणासकट हवं: एक ताई लग्न होऊन गेली, दुसरी मिळायला महिना लागला, तो महिना केंद्र चार दिवसच चाललं.

पुढच्या वर्षाचा अर्ज या अहवालासोबत जोडू नका. आधी अहवाल, त्याची लेखी पोच, मग अर्ज. बरीच फाउंडेशन एकाच कामाला दोन-तीन वर्षांपलीकडे देत नाहीत, म्हणून दुसऱ्या वर्षीच्या बजेटात आपला वाटा वाढलेला दिसला पाहिजे. पहिल्या वर्षी ३८,५०० असेल तर दुसऱ्या वर्षी ६०,००० कुठून येणार ते ओळीओळीने लिहा: गावाचं धान्य किती, टोळीवर जाणाऱ्या पालकांची वर्गणी किती, पुण्यात नोकरीला असलेल्या गावच्या पोरांकडून किती. त्या पोरांना ८०जीची पावती देताना दोन गोष्टी सांगून ठेवा: २,००० च्या वर रोख दिलं तर वजावट मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडली असेल तर ८०जीची वजावट मिळतच नाही. आधी सांगितलेलं बरं, नाहीतर जुलैत विवरणपत्र भरताना फोन तुम्हालाच येतो.